कुत्र्याने झोपायचं कुठे?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक पिल्लू आलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात कुडकुडत बसलेलं, तांबूस रंगाचं, अस्सल गावठी. लेकीने तिथल्या तिथे तिचं बुंदी असं बारसं करून टाकलं. डॉक्टर झाले, लस झाली, दूध-पोळी झाली, आणि रात्री दहा वाजता खरा प्रश्न उभा राहिला. बुंदीने झोपायचं कुठे?

लेक म्हणाली, माझ्या पलंगावर. बायको म्हणाली, बाल्कनीत. बाबांनी पेपरमधून डोकं वर न काढता निकाल दिला, "कुत्र्याची जागा उंबरठ्याबाहेर." आता तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला उंबरठ्याबाहेर काय असतं? लिफ्ट, आणि शेजाऱ्यांचा चपलांचा स्टँड. शेवटी तह झाला आणि बाल्कनी ठरली. बुंदी रात्रभर रडली. मीही जागा होतो, आणि जागरणात हाताशी असतील ती पुस्तकं चाळायची जुनी खोड आहेच. म्हटलं बघू तरी, आपल्या आधी हा प्रश्न कुणाकुणाला पडला होता.

तर बाबांचा पक्ष भक्कम निघाला. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात पंचावन्नावं सूक्त आहे, झोपेचं. त्यात दारावरच्या कुत्र्याला विनवलंय की बाबा रे, भुंकायचंच तर चोरावर भुंक, आमच्यावर कशाला, तू झोप. मग आई-वडील आणि घरधनी यांच्या जोडीने त्यालाही झोप लागू दे असं मागणं आहे. म्हणजे झोपणाऱ्यांच्या यादीत कुत्रा घरच्यांबरोबर आहे, पण त्याची जागा दारात. महाभारतात तर खुद्द स्वर्गाच्या दाराशी हाच वाद होतो. कुत्रं बाळगणाऱ्याला इथे जागा नाही असं इंद्र म्हणतो, आणि युधिष्ठिर कुत्र्याला सोडून आत जायला नकार देतो. गोष्टीत तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला हे बरं झालं. पण आपण एवढी गोष्ट ऐकून, मान डोलावून, घरच्या कुत्र्याला बाहेरच ठेवलं!

लेकीच्या पक्षालाही पुरावे कमी नाहीत. उत्तर इस्रायलमध्ये ऐन मल्लाहा नावाच्या ठिकाणी सुमारे 12,000 वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. त्यातल्या माणसाचा हात एका पिल्लाच्या अंगावर ठेवलेला आहे. अजून घर, दार, उंबरठा या गोष्टी माणसाला नव्यानेच सुचत होत्या, तेव्हाची ही जवळीक. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक, ज्याला 'थोर' म्हणतात, तो आपल्या ग्रेहाउंड कुत्र्यांना बिछान्यात घेऊन झोपायचा. मेल्यावर मला सांसूसी राजवाड्याच्या गच्चीवर माझ्या कुत्र्यांशेजारी पुरा, असं त्याने लिहून ठेवलं होतं. तो 17 ऑगस्ट 1786 ला गेला, आणि पुतण्याने त्याला नेऊन ठेवलं पॉट्सडॅमच्या चर्चमध्ये, बापाशेजारी, ज्या बापाशी त्याचं आयुष्यभर पटलं नव्हतं. त्याची इच्छा पुरी झाली ती 17 ऑगस्ट 1991 ला, बरोबर 205 वर्षांनी. आज तो कुत्र्यांशेजारी झोपलेला आहे.

पण राजांचं सोडा. सामान्य माणसाने कुत्र्याला दाराशी ठेवलं त्याला कारणं होती. पहिलं म्हणजे राखण. दुसरं पिसवा-गोचिड्या. आणि तिसरं, सगळ्यात मोठं, पिसाळण्याची भीती. पाश्चरने 1885 साली रेबीजची लस पहिल्यांदा एका मुलाला टोचली. आपल्याकडे कसौलीला डेव्हिड सेम्पलने 1911 साली जी लस तयार केली तीच पुढे कित्येक दशकं चालली. 'पोटात चौदा इंजेक्शनं' हा शब्दप्रयोग ज्यांनी लहानपणी ऐकलाय त्यांना ती भीती वेगळी सांगायला नको. ती लस आता बंद झाली. हल्ली कुत्र्यालाच आधी लस देतात, पिसवांवर औषधं आहेत, आणि राखणीला गेटवर वॉचमन आहे. म्हणजे उंबरठ्याची तिन्ही कारणं आमच्या फ्लॅटपुरती तरी सुटली होती. आता हे बाबांना कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीला पॉम्पेईची गोष्ट सांगत होतो. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि अख्खं शहर राखेखाली गेलं. तिथल्या एका घराच्या दारात जमिनीवर मोझेकमध्ये साखळीला बांधलेला काळा कुत्रा आहे आणि खाली लॅटिनमध्ये सरळ लिहिलंय, कुत्र्यापासून सावध! पुण्याच्या बंगल्यांवरच्या पाट्यांचा हा पणजोबाच म्हणायचा. ती हसली. मग मी तिला दुसरा कुत्रा सांगितला. राखेत गाडलेली शरीरं कुजून गेली की आत पोकळी राहते. त्यात प्लास्टर ओतून साचे काढायची युक्ती फिओरेल्लीने 1863 साली काढली. 1874 मध्ये वेसोनियस प्रिमसच्या घरात असाच एका कुत्र्याचा साचा मिळाला. पाठीवर पडलेला, पाय वर, अंग पिळवटलेलं, गळ्यात पट्टा. दाराशी बांधलेला होता. वरून दगड-राख पडत गेली तसा तो त्या ढिगावर चढत गेला असावा, आणि साखळी संपली तिथे थांबला, असं मानतात.

लेक गप्प झाली. बाबा खुर्चीत होते. आपलं लक्ष नाही असं दाखवत. एकदम म्हणाले, "साखळी सोडायला कोणी आलं नाही का रे?"

मी म्हटलं, "नसेल आलं, बाबा. सगळे आपापला जीव घेऊन पळाले असतील."

ते उठून आत गेले. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मला मोतीची गोष्ट सांगितली. मोती नावाचा कुत्रा आमच्या अकोले तालुक्यातल्या घरी होता हे मला माहीत होतं, फोटोही आहे. तो कसा गेला हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. 1956-57 ची गोष्ट. बाबा दहा-अकरा वर्षांचे. मोती रात्री शेजारच्यांच्या कोंबड्यांमागे लागायचा म्हणून तक्रार आली, आणि आजोबांनी सांगितलं, आजपासून रात्री त्याला ओसरीच्या खांबाला बांधायचं. बांधायचं काम बाबांचं. "मी पक्कं बांधलं होतं," बाबा म्हणाले, "सुटू नये म्हणून." चौथ्या की पाचव्या रात्री बिबट्या आला. मोती भुंकला, मग ओरडला. आजोबांनी दार उघडू दिलं नाही. त्यांचंही चूक नव्हतं, आत पाच पोरं होती. सकाळी खांबाला साखळी होती आणि तुटलेला पट्टा.

"मोकळा असता तर पळाला असता. निदान घरामागे तरी गेला असता," एवढंच म्हणाले.

हे ऐकल्यावर मला एक आकडा आठवला. अकोले परिसरात, म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, बिबटे काय खातात याचा अभ्यास झाला होता, 2014 साली तो प्रसिद्ध झाला. बिबट्यांच्या आहारात वजनाने सुमारे 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात सगळ्यात मोठा कुत्र्यांचा, सुमारे 39 टक्के. आपण म्हणतो कुत्रा राखण करतो. तो दाराशी झोपतो म्हणजे येणाऱ्या संकटाच्या आणि आपल्या मध्ये झोपतो, हा त्याचा दुसरा अर्थ. त्याची जागा कायम आपण ठरवत आलो, आपल्या भीतीप्रमाणे, आपल्या सोयीप्रमाणे. किंमत त्याने दिली. आणि बांधलं असेल तर पळून जायचा त्याचा हक्कही आपण काढून घेतला.

मी बाबांना आकडा सांगितला नाही. काय उपयोग होता?

अमेरिकेत 2015 साली मेयो क्लिनिकने चाळीस निरोगी माणसं आणि त्यांच्या कुत्र्यांची झोप सात रात्री मोजली. कुत्रा खोलीत असला तरी माणसाची झोप फारशी बिघडत नाही, पलंगावर घेतला तर मात्र थोडी जास्त मोडते. खोलीत असताना 83 टक्के, पलंगावर असताना 80, असा तो हिशोब. म्हणजे लेक अर्धी बरोबर आणि बायको अर्धी बरोबर. हे सांगून मी दोघींमध्ये समेट घडवायच्या तयारीत होतो.

त्याची गरज पडली नाही. त्या रात्री अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो तर बाल्कनीचं दार उघडं. बाबांच्या खोलीत डोकावलो. त्यांच्या खाटेशेजारी जमिनीवर आजीची जुनी गोधडी चौघडी करून घातलेली, आणि तिच्यावर बुंदी वेटोळं करून झोपलेली. बाबा जागे होते.

"पलंगावर नाही घ्यायची हं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आणि रात्री तिचा पट्टा काढत जा. मी आज काढलाय."