माघारीची विद्या

गोरेगाव पूर्वेला द्रुतगती मार्गालगतच्या एका आवारात चाळीस फुटी ट्रेलर मागे घेतला जात असताना आम्ही तिघेही अडकून पडलो होतो. महाविद्यालयातून परतण्याची वेळ, रिक्षा जागच्या जागी थांबलेली, मागे भोंग्यांचा कल्लोळ. फाटक जेमतेम ट्रेलरच्या रुंदीचे. चालकाने गाडी रस्त्यावर आडवी घेतली, थांबवली आणि तो खिडकीतून अर्धा बाहेर वाकला. डाव्या अंगाला पंधरा-सोळा हातांवर एक पोरगेलासा क्लिनर उभा होता. त्याच्या तोंडून ‘आने दे, आने दे’ हा ठेका सुरू झाला. मध्येच ‘काट, पुरा काट’, मग ‘सीधा कर’, आणि शेवटी पत्र्यावर तळहाताची एक सणसणीत थाप. ट्रेलर थांबला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तिसऱ्या खेपेस तो अजस्र डबा फाटकातून असा आत गेला की दोन्ही बाजूंना वीतभरही जागा उरली नव्हती. आम्ही मराठीचे अध्यापक. भाषेच्या सामर्थ्याविषयी वर्गात पुष्कळ बोलतो. पाच-सहा शब्दांत एवढे वजन हलवणारी भाषा मात्र आम्ही प्रथमच लक्षपूर्वक ऐकली.

त्यानंतर आमच्यात जी चर्चा झाली, तिचे हे टाचण.

मागे नेण्याच्या क्रियेकडे मराठीने फारसे प्रेमाने पाहिलेले नाही. ‘पुढारी’, ‘पुढाकार’ हे मानाचे शब्द. ‘मागास’ आणि ‘माघार’ हे कमीपणाचे. तरी बोलताना आपण गाडी मागे ‘ढकलत’ नाही, मागे ‘घेतो’. शब्द मागे घेतो, खटला मागे घेतो, आंदोलन मागे घेतो. या ‘घेण्या’त कर्त्याचा ताबा गृहीत आहे. जोडगाडीच्या बाबतीत नेमका तोच ताबा संशयास्पद असतो.

कारण साधे आहे. ट्रेलर ओढला जात असेल तर तो आपोआप ओढणाऱ्याच्या मागे सरळ येतो. चूक झाली तरी पुढे जाता जाता ती विरते. तोच ढकलला जाऊ लागला की उलट घडते. सांध्यातला लहानसा कोन प्रत्येक हाताबरोबर वाढतो आणि एका मर्यादेपलीकडे गेला की चाक कितीही फिरवले तरी सुधारत नाही. पुढचा भाग आणि मागचा भाग अडकित्ता मिटावा तसे मिटतात. मग एकच उपाय, पुढे जाऊन गाडी सरळ करणे. शिवाय दिशेचा विपर्यास आहेच. शेपूट डावीकडे न्यायचे तर चाक आधी उजवीकडे. कोन उघडला की लगेच डावीकडे वळवून त्या शेपटाच्या पाठी लागायचे. नवशिका नेमका या दुसऱ्या टप्प्यावर उशीर करतो. लांब ट्रेलर सावकाश वळतो म्हणून विचार करायला अवधी देतो. आखूड ट्रॉली क्षणात तिरपी होते. लहान ते सोपे हा व्यवहारातला समज येथे साफ खोटा ठरतो.

बैलगाडीवाल्यांना ही अडचण फार आधीपासून ठाऊक होती. जू बैलाच्या वशिंडापुढे बसते. पुढे ओढताना सगळा जोर त्याच्यावर येतो. मागे सरताना मात्र मानेभोवतीच्या जोत्यांखेरीज गाडीला रेटणारे काही नसते. म्हणून गाडी मागे घ्यायची तर गाडीवान खाली उतरतो, जू धरून बैलांना तोंडावरून मागे रेटतो आणि दुसरा कुणी चाकाला खांदा लावतो. या कामाला पहिल्यापासूनच दोन माणसे लागत आली आहेत, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

इतिहासातील एक प्रसंग येथे आठवल्यावाचून राहात नाही. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना पेशवाईवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० माणसांची फौज बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. तिच्याबरोबर तोफा, दारूगोळा आणि रसद वाहणारे बैल होते सुमारे १९,०००. ही अवाढव्य रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे मराठी लोकस्मृतीतला इष्टुर फाकडा, मारला गेला. फौज तळेगावला पोचली तेव्हा पुढे मराठ्यांनी मुलूख उजाड करून ठेवलेला. माघारीचा निर्णय झाला आणि ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तिथल्या तळ्यात लोटून दिल्या गेल्या. पुढचा वडगावचा तह सर्वांना ठाऊक आहे. इतिहासाच्या पुस्तकांत या प्रसंगाचे श्रेय महादजी, नाना आणि मराठ्यांच्या युद्धनीतीला दिले जाते आणि ते योग्यच आहे. आमचे लक्ष मात्र त्या तळ्यावर खिळते. जे ओढत आणता आले ते परत नेता येईना. बोरघाटातून आज न्हावाशेव्याचे कंटेनर पुण्याकडे चढतात. त्याच वाटेवर अडीचशे वर्षांपूर्वी जोडगाड्यांच्या माघारीचा प्रश्न एका सैन्याने तोफा बुडवून सोडवला होता.

आधुनिक ट्रेलरचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या अलेक्झांडर विंटनने १८९८ च्या सुमारास मोटारी पोचवण्यासाठी, तर डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रूहॉफने १९१४ मध्ये एक होडी वाहून नेण्यासाठी अशी गाडी बनवली. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीनच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ पेट्या नेल्या आणि ट्रेलरवरची पेटी जगाच्या व्यापाराचे माप ठरली. आपल्याकडे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. मुंबईकरांची ट्रेलरशी ओळख त्याहून जुनी: साठच्या दशकात बेस्टने ओढगाडीला प्रवासी डबा जोडलेल्या बस रस्त्यावर आणल्या होत्या. गोरेगावचे म्हणाल तर, न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनीच्या, म्हणजे आताच्या नेस्कोच्या, आवारात जिथे एकेकाळी यंत्रे बनत तिथे आता यंत्रांची प्रदर्शने भरतात, आणि ती यंत्रे ट्रेलरवरूनच येतात. पलीकडे चित्रनगरीत जनरेटरच्या गाड्या. मागे घेण्याची ही विद्या या उपनगरात रोज पणाला लागते. तिची नोंद मात्र कुठे नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात ती आणखी कठीण रूपात दिसते. पन्नासच्या दशकापासून सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि उसाची वाहतूक बैलगाडीकडून ट्रॅक्टरकडे सरकली. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या ही हंगामातली नित्याची गोष्ट. सांधा एक असेल तर मन त्याचा हिशेब ठेवू शकते. दोन झाले की पहिल्या ट्रॉलीला दुसरीचा चालक व्हावे लागते. शहाणा माणूस दुसरी ट्रॉली सोडतो, पहिली लावतो आणि मग परत येतो. जाता जाता: कारखान्यात ऊस टाकण्याच्या जागेला ‘गव्हाण’ म्हणतात. बैल गेले, पण त्यांच्या चाऱ्याची जागा त्या अजस्र यंत्राला मिळाली. शब्द किती चिवटपणे मागे राहतात!

आता तंत्रज्ञानाकडे. २०१५ मध्ये फोर्ड कंपनीने आपल्या एका पिकअप ट्रकमध्ये ट्रेलर मागे घेण्यासाठी एक गोल बटण दिले. ट्रेलर ज्या बाजूला जावा असे वाटते, त्या बाजूला बटण फिरवायचे. सुकाणूचे उलटसुलट गणित संगणक करतो. जुने चालक हीच युक्ती शिकवत आले आहेत: हात चाकाच्या तळाशी धर आणि शेपूट जिकडे न्यायचे तिकडे हात ने. विपर्यास नाहीसा होतो. कंपनीने जे बटणात घातले, ते ड्रायव्हरांनी मनगटात घातले होते.

महाराष्ट्रात प्रश्न बटणाचा नाही, माणसाचा आहे. जड वाहनात क्लिनर हवाच, असा राज्याचा नियम. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी संप केला तेव्हा ही सक्ती रद्द करावी, अशी त्यांची एक मागणी होती. त्याच वर्षी राज्य शासनाने चालक-साहाय्य यंत्रणा बसवलेल्या जड वाहनांना या सक्तीतून सूट देणारा नियमबदल पुढे आणला. युक्तिवाद बिनतोड वाटतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. ट्रेलर डावीकडे वळला की उजव्या आरशात नुसता रिकामा रस्ता दिसतो आणि शेपूट अदृश्य होते. क्लिनर डाव्या अंगाला उभा राहतो तो यासाठीच. कॅमेरा तेथे पाहू शकतो, थकत नाही, जेवायला मागत नाही.

आमच्यात येथे मतभेद झाले, आणि ते मिटले असे म्हणवत नाही. एकाचे म्हणणे, क्लिनर ही व्यवस्था गोंडस करून दाखवू नये: तुटपुंजा पगार, टपावरची झोप, आणि भिंत व ट्रेलर यांच्यामध्ये उभे राहण्याची रोजची जोखीम. कॅमेऱ्याने एक पोर जरी चिरडण्यापासून वाचले तरी त्याचे स्वागत आहे. हे आम्हा सर्वांना मान्य आहे. पण दुसरा प्रश्न उरतोच. या देशातला ट्रेलरचालक बहुधा कोणत्या शाळेत शिकला? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, परवान्याच्या परीक्षेत गाडी मागे घेत अरुंद जागेत शिरवता यावी, अशी अट आहे. ती शिकवते कोण, हे नियम सांगत नाही. शिकवणारा होता उस्ताद, आणि वर्ग होता क्लिनरची जागा. पाच-सात वर्षे बाहेर उभे राहून ज्याने शेपूट पाहिले, त्याला पुढे आत बसल्यावर ते न दिसताही दिसते. पडदा पाहून गाडी लावणाऱ्याला गाडी लावता येईल. पावसाळ्यात भिंगावर चिखल उडाला, की काय?

त्या संध्याकाळी रिक्षा सुटली नाही म्हणून आम्ही उतरून फाटकापाशी गेलो. आतल्या मोकळ्या पटांगणात माल उतरवून झाल्यावर उस्तादाने त्या पोराला चाकावर बसवले आणि स्वतः त्याच्या जागी डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. पोराने चाक वरून धरले. ट्रेलर लगेच भलतीकडे वळला. पत्र्यावर थाप पडली.

“नीचे से पकड,” उस्ताद म्हणाला, “और धीरे.”