शिंपल्यांपासून संगणकापर्यंत : शिकणाऱ्यांनी केलेली साधने

शाळेच्या कपाटातली शैक्षणिक साधने बहुधा कुलपातच असतात. मोडतील, हरवतील अशी भीती असते. शिवाय ती कोणीतरी तयार करून पाठवलेली असतात. शिकणारे आणि शिकवणारे यांनी मिळून साधन तयार केले तर? आपल्याकडे या प्रश्नाला इतिहास आहे. त्यातली दोन प्रकरणे आम्ही येथे मांडत आहोत : एक ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डीचे, दुसरे पुण्याचे.

बोर्डीची सुरुवात भावनगरला होते. तेथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. दोघांवर मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा प्रभाव होता. या पद्धतीतली साधने फार विचारपूर्वक केलेली आहेत. त्यांतला गुलाबी मनोरा पाहा. त्यात १० घन असतात. सर्वांत लहान घनाची बाजू १ सेंटिमीटर, सर्वांत मोठ्याची १० सेंटिमीटर. रंग एक, लाकूड एक, आकार एक. बदलते फक्त मोठेपण. त्यामुळे मुलाचे लक्ष नेमके तेथेच जाते, आणि क्रम चुकला तर मनोराच ते दाखवतो. पण असे ठोकळे कुशल सुताराकडूनच करून घ्यावे लागतात. खेड्यातल्या बालवाडीला हा खर्च झेपणारा नव्हता.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. गरीब वस्त्यांतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणात वर्ग भरू लागला. ही अंगणवाडी. पुढे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. (केंद्र सरकारने १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले.)

अंगणात आणि कुरणात लाकडी संच कुठून येणार? शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काटक्या हीच साधने झाली. हा नुसता काटकसरीचा मार्ग होता असे आम्हांला वाटत नाही. समजा, आपण एकाच जातीचे शिंपले घेतले. रंग आणि घडण साधारण सारखी राहते, लहानमोठेपणा तेवढा बदलतो. म्हणजे मनोऱ्यामागचे तत्त्व येथेही सांभाळता येते. निरनिराळ्या जातींचे घेतले, तर वर्गीकरणाचा पाठ होतो. मर्यादाही आहे : घनांच्या बाजूंत नेमका एकेक सेंटिमीटरचा फरक असतो, तसा शिंपल्यांत मिळत नाही. कोणता शिंपला कशासाठी घ्यायचा, हे ठरवायला साधनामागचे तत्त्व कळावेच लागते. आणि परीक्षा लगेच होते. साधन जमले नाही, तर समोरचे मूल उठून निघून जाते.

आता दुसरे प्रकरण. २०११ मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासक्रमातल्या विषयांवर इंग्रजी विकिपीडियात लेख लिहायचे, वाढवायचे. कल्पना उत्तम होती : वर्गात लिहिलेला निबंध एकच शिक्षक वाचतो, हा लेख जगभर वाचला जाईल. शेकडो विद्यार्थी सहभागी झाले. पण अनेक लेखांत पुस्तकांतला आणि इतर संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा उतरलेला आढळला. तो शोधून काढण्याचे काम विकिपीडियाच्या स्वयंसेवकांवर पडले, आणि त्यांची संख्या पुरेशी नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रयोग थांबवण्यात आला.

विद्यार्थ्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण पुस्तकातले उत्तर जसेच्या तसे लिहिले की पूर्ण गुण, हे त्यांना शाळेपासून कोणी शिकवले? ते आपणच. शिवाय वाचणारा कोण आणि त्याला काय कळले नाही, हे त्यांना कधी दिसलेच नाही. बोर्डीत साधन करणाऱ्याच्या हातात वस्तू होती आणि समोर मूल होते. पुण्यात वस्तूच्या जागी दुसऱ्याचा मजकूर होता, आणि तपासणारे लांबवर, अनोळखी. हा फरक आम्हांला संगणक असण्या-नसण्यापेक्षा मोठा वाटतो.

म्हणून संगणकावर विद्यार्थ्यांकडून पाठ लिहून घ्यायचा असेल, तर विषय त्यांच्या निरीक्षणातला द्यावा. किनाऱ्याजवळच्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी १५ दिवस भरतीची वेळ आणि पाणी कुठवर आले याची नोंद ठेवावी. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, हे त्यांच्याच तक्त्यात दिसेल; अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी अधिक वर का येते, हा प्रश्न तेच विचारतील. मग त्यावरचा पाठ त्यांनी गटाने लिहावा आणि आधी पाचवीच्या मुलांना वाचायला द्यावा. जिथे ती मुले अडतील, तिथे पाठ पुन्हा लिहावा. असा पाठ कुठूनही उतरवून काढता येणार नाही.