उताऱ्याखालच्या प्रश्नांची कुळकथा

पंतोजींच्या शाळेत उतारा नव्हताच. धुळपाटी, मोडीचा कित्ता, पावकी-निमकी. जो घडाघडा म्हणून दाखवील तो हुशार. वाचलेल्या मजकुरावर प्रश्न घालायचे ही इंग्रजी अमदानीतली रीत. तेव्हा मराठीला प्रश्नचिन्हसुद्धा नवे होते. मोडी कागदात विरामचिन्हे कसली, शब्द सुटे लिहायचीही पद्धत नव्हती. इंग्रज अधिकारी मेजर कँडींनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली आणि ती चिन्हे क्रमिक पुस्तकांतून गावोगाव पोचली. त्यामागून शाळांच्या तपासणीला डेपोटी इन्स्पेक्टर आले, १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक आली. परीक्षा लेखी झाली की उत्तरालाही साचा लागतो. 'कोण कोणास म्हणाले', 'कारणे द्या', 'संदर्भासह स्पष्टीकरण' हे त्यातलेच.

खानदेशातल्या मुलांची गंमत अशी, की उतारे त्यांच्याच गावचे. 'श्यामची आई' लिहिणारे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. बालकवी धरणगावचे. त्यांच्या 'औदुंबर'च्या आठ ओळींवर टीकाकारांचे अजून एकमत नाही. विद्यार्थ्याने मात्र मध्यवर्ती कल्पना तीन-चार वाक्यांत सांगून मोकळे व्हायचे.

खरी कसरत बहिणाबाईंपाशी. आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या खानदेशी बोलीतल्या कविता पुस्तकात आल्या १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. त्यांच्या कवितेतला सुगरणीचा खोपा जळगावकडच्या मुलाने विहिरीवर लोंबताना पाहिलेला असतो. तरी वहीत 'खोपा : घरटे' असा शब्दार्थ उतरवायचा आणि पुढे 'प्रमाणभाषेत लिहा' हा प्रश्न सोडवायचा. पुण्याच्या मुलाला ही परकी बोली उलगडायची असते. जळगावच्या मुलाला आजीचे बोलणे दुरुस्त करायचे असते. मार्क दोघांना सारखेच. उलट प्रश्न, म्हणजे प्रमाणभाषेतले वाक्य तुमच्या बोलीत लिहा, अधूनमधून विचारायला काय हरकत आहे?

इतिहासाची तऱ्हा वेगळी. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले आणि लगेच १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांचा धंदाच कागदाला प्रश्न विचारायचा: लिहिला कोणी, कधी, कोणासाठी, खरा की बनावट? दहावीच्या इतिहासात आता इतिहासलेखनाचा भाग आहे, त्यात राजवाडेही आहेत. प्रश्नपत्रिकेत 'दिलेल्या उताऱ्याचे वाचन करून उत्तरे लिहा' असा चार गुणांचा प्रश्नही असतो. पण त्यातली बरीचशी उत्तरे उताऱ्यातच पडलेली. आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात पेन्सिलीने खुणा करा, हा क्लासवाल्यांचा मंत्र त्यामुळेच चालतो. उतारा खरा कशावरून, असे कोणी विचारत नाही. राजवाड्यांनी पहिले तेच विचारले असते.

घोकंपट्टी मोडावी म्हणून दहावीला मराठीची कृतिपत्रिका आली. चौकटी भरा, ओघतक्ता पूर्ण करा, आणि शेवटी 'स्वमत'. हेतू चांगलाच होता. पण गाइडवाले वस्ताद. तयार स्वमत पाठ करून जायची सोय आता जळगावच्या दुकानातही आहे आणि धुळ्याच्याही.