क्लाराबाईंची शिकवणी

मुलीला गाणे-बजावणे शिकवावे ते लग्न जमण्यापुरते, असे आपल्याकडे पुष्कळ दिवस चालत आले. दाखवायच्या वेळी पेटीवर दोन पदे वाजली की काम झाले. पुढे पेटी माळ्यावर. अशाच एका विद्येवर सात मुलांचा संसार ओढणाऱ्या बाईंची हकीकत या स्मरणिकेच्या निमित्ताने भगिनींपुढे ठेवते.

क्लारा यांचा जन्म जर्मनीत लाइपझिग येथे १३ सप्टेंबर १८१९ रोजी झाला. वडील फ्रीडरिश वीक पियानो शिकवीत आणि विकीतही. आईबापांची फारकत झाली व पाच वर्षांची झाल्यावर, तेथील कायद्याप्रमाणे, मुलगी बापाच्या ताब्यात आली. चार वर्षे उलटून गेली तरी ती बोलत नव्हती. लोकांना वाटे, ऐकूच येत नसावे. बापाने तिला पियानोपाशी बसवले. आधी कानाने सूर ओळखायचे, मग लिहिलेले संगीत वाचायचे, अशी त्यांची पद्धत. रोज तासभर धडा, शिवाय सराव आणि मोकळ्या हवेत लांब फेरफटका. शाळा मात्र जेमतेम दीड वर्ष! माझी सातवी झाली, पण क्लाराबाईंची शाळा त्याहूनही थोडी, हे वाचून मला नवल वाटले.

नवव्या वर्षी, १८२८ साली, ती लोकांपुढे वाजवू लागली. परंतु बापाची सत्ता एवढी की मुलीची रोजनिशीसुद्धा तिच्या नावाने तेच लिहीत. संगीतकार रॉबर्ट शुमान यांच्याशी लग्न करायला त्यांनी विरोध केला. प्रकरण कोर्टात गेले. निकाल मुलीच्या बाजूने लागून १२ सप्टेंबर १८४० रोजी लग्न झाले.

आठ मुले झाली, त्यातले एक तान्हेपणीच गेले. १८५४ साली पतीच्या मनाचा तोल सुटला. दोन वर्षे वेड्यांच्या इस्पितळात काढून ते १८५६ साली वारले. बाई तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या. मित्र मदत करण्यास तयार होते, पण त्यांना ती नको होती. मुलांची सोय दुसऱ्यांकडे लावून त्या गावोगाव, देशोदेशी मैफली करीत हिंडल्या. आईच्या जिवाला हे किती जड गेले असेल, ते आपणच जाणावे.

१८७८ साली फ्रँकफुर्ट येथील होख संगीतविद्यालयाने त्यांना मुख्य पियानोशिक्षिका म्हणून बोलावले. तेथे तेव्हा दुसरी स्त्री शिक्षक नव्हती. बाईंनी अटी घातल्या : रोज दीड तासच शिकवीन, तेही आपल्या घरी, चार महिने सुटी हवी, मैफलींना जाण्याची मोकळीक हवी. विद्यालयाने सारे मान्य केले. मारी व ओइगेनी या मुली विद्यार्थ्यांची तयारी करून घेत, मग आई शिकवी. बोटांची करामत दाखवू नये, पियानो गळ्यासारखा गावा आणि संगीतकाराने लिहिले तेच वाजवावे, असा त्यांचा कटाक्ष. इंग्लंडच्या फॅनी डेव्हिस, ॲडेलिना डी लारा या त्यांच्याच शिष्या. डी लारा यांनी उतारवयात केलेल्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात.

१८९२ साली त्यांनी विद्यालय सोडले. २० मे १८९६ रोजी त्या वारल्या. पुढे जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले व २००२ साली युरो हाती येईपर्यंत ते घरोघरी फिरले. मागच्या बाजूस पियानो होता.

बापाने विद्या दिली, पण तिचे मोल ठरवले क्लाराबाईंनी स्वतः. तेव्हा मुलीला पेटी, शिवण, हिशेब जे शिकवाल ते पुरते शिकवा, आणि त्याचा मोबदला तिचा तिला मागू द्या, एवढेच माझे सांगणे.