हार्वर्ड आणि येल : एका वैराचा करारनामा

नोव्हेंबर उजाडून थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीचा शनिवार जसजसा जवळ येऊ लागतो, तसतसे अमेरिकेच्या ईशान्य भागातील हार्वर्ड आणि येल या दोन पुरातन विद्यापीठांचे आजी-माजी विद्यार्थी इतर सारे व्यवधान बाजूस सारून अमेरिकन फुटबॉलच्या एकाच सामन्याच्या चिंतेत गढून जातात. त्या देशात याहून बलाढ्य संघांच्या आणि याहून कितीतरी मोठ्या गर्दीच्या लढती दर आठवड्यास होत असतानाही, ‘द गेम’ एवढ्या दोनच शब्दांनी ओळखला जाण्याचा मान या सामन्याने मिळवला आहे. माझ्यासारख्या दूरस्थ चाहत्यालाही येत्या शनिवारी कोण जिंकणार याची उत्कंठा आहेच. परंतु त्या उत्कंठेपेक्षाही मला अधिक मोह पडतो तो या वैराच्या जन्मकथेचा, कारण हे वैर मुळात एका तहातून जन्माला आले आहे.

१८७३ मध्ये येल, प्रिन्स्टन आदी महाविद्यालयांनी न्यूयॉर्कमध्ये मसलत करून पायाने खेळावयाच्या फुटबॉलचे समाईक नियम ठरवले, त्या बैठकीस हार्वर्डने जाण्याचेच नाकारले. कारण चेंडू हातात घेऊन धावण्याची मुभा असलेला आपला खेळ सोडण्यास ते मुळीच राजी नव्हते. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या मॅक्गिल विद्यापीठाशी खेळताना त्यांना रग्बीची गोडी लागली, आणि १८७५ मध्ये येलने सामन्याचा प्रस्ताव स्वीकारला तेव्हा उभय पक्षांनी थोडे देऊन थोडे घेऊन एक संमिश्र नियमावली मान्य केली. १३ नोव्हेंबर रोजी न्यू हेवनच्या हॅमिल्टन पार्कवर प्रत्येकी पंधरा खेळाडूंनिशी झालेल्या त्या लढतीत येलचा चार गोलांनी पराभव झाला. पण पराभूतांनी विजेत्यांचा खेळ आपलासा केला. त्यानंतर लवकरच येलमध्ये दाखल झालेल्या वॉल्टर कॅम्पने अकरा जणांचा संघ, चेंडूचा निर्विवाद ताबा आणि तीन प्रयत्नांत पाच यार्ड भूमी जिंकण्याची अट या सुधारणा पुढे रेटून त्या खेळाला आजच्या अमेरिकन फुटबॉलचे मूळ रूप दिले.

येलच्या नावाशी तर मराठी इतिहासाचा एक धागा थेट येऊन मिळतो. १७१८ मध्ये ज्याने नऊ गठ्ठे माल, ४१७ पुस्तके आणि राजा पहिला जॉर्ज याची तसबीर धाडल्यामुळे त्या विद्यालयास हे नाव पडले, तो एलिहू येल म्हणजे मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावरील कंपनी सरकारचा गव्हर्नर. आणि १६९० मध्ये जिंजीस असलेल्या छत्रपती राजारामांच्या दरबाराकडून कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला, तोफेचा गोळा पोहोचेल तिथवरच्या मुलखासह, कंपनीने खरीदला तो याच्याच कारकिर्दीत. त्याची संपत्ती निष्कलंक नव्हती, गैरव्यवहाराच्या आरोपांखाली त्याची गव्हर्नरी गेली, हेही येथे नमूद केलेच पाहिजे.

तहातून निघालेल्या या वैराला रक्ताचा डागही लागला आहे. १८९४ मध्ये स्प्रिंगफील्डच्या हॅम्पडेन पार्कवरील सामन्यात इतके खेळाडू जायबंदी झाले की पुढील दोन वर्षे उभय संघ एकमेकांसमोर उभेच राहिले नाहीत. १९०५ पर्यंत देशभर मैदानांवरील मृत्यूंचे प्रमाण असे वाढले की हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे खेळ बंदच करावा या मताचे झाले, आणि स्वतः हार्वर्डचे पदवीधर असलेल्या राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या मुखत्यारांस व्हाइट हाउसमध्ये पाचारण करावे लागले. दाटीवाटीची झोंबाझोंबी टळावी म्हणून कॅम्प मैदान रुंद करण्याच्या मताचा होता. पण हार्वर्डने १९०३ मध्ये चार्ल्स नदीकाठी उभारलेले काँक्रीटचे भक्कम प्रेक्षागार तसूभर हलवणे शक्य नव्हते, आणि मैदानाची सरहद्द अशी कायम राहिल्यामुळे, चेंडू पुढे फेकण्याची मुभा देण्याचा दुसरा उपाय १९०६ मध्ये अमलात आला. आज ज्या लांब फेकीने सारे प्रेक्षक उठून उभे राहतात, तिच्या मुळाशी हा काँक्रीटचा अडथळाही आहे, हे मला या खेळाच्या इतिहासातले सर्वांत रम्य सत्य वाटते.

त्याच प्रेक्षागारात २३ नोव्हेंबर १९६८ रोजी, दोन्ही संघ तोवर अपराजित असताना, आणि येलकडे क्वार्टरबॅक ब्रायन डाउलिंग व धावपटू कॅल्व्हिन हिल यांच्यासारखे मोहरे असताना, अवघी ४२ सेकंद उरली तेव्हा येल २९–१३ असे आघाडीवर होते. फ्रँक चॅम्पी या राखीव खेळाडूच्या हातून हार्वर्डने तेवढ्या अवधीत सोळा गुण वसूल केले. घड्याळ संपल्यावर पीट व्हार्नीने झेललेल्या चेंडूने २९–२९ अशी बरोबरी झाली. हार्वर्डच्या विद्यार्थी वर्तमानपत्राने त्यानंतर आपल्याच विजयाचा मथळा छापला, आणि तो उद्धटपणा नव्हता, असे माझे ठाम मत आहे. कारण ज्याने पराभव गिळला होता त्याला बरोबरीत विजयच दिसावा, हे न्याय्यच आहे.

येत्या सामन्याविषयी मला आशा तशीच एक काळजीही आहे. हे दोन्ही संघ जिच्यात खेळतात ती आयव्ही लीग खेळाडूंना क्रीडा-शिष्यवृत्ती देत नाही, आणि २०२४ पर्यंत तिने आपल्या संघांना हंगामोत्तर राष्ट्रीय स्पर्धेतही उतरू दिले नव्हते. त्यामुळे पदवीच्या उंबरठ्यावरील बहुतेक तरुणांची ही अखेरचीच लढत ठरे. २०२५ पासून लीगच्या विजेत्याला पुढची वाट खुली झाली आहे. खेळाडूंसाठी मला याचा आनंद आहे. परंतु पुढच्या फेरीचा हिशेब मनात ठेवून कोणी प्रशिक्षक या शनिवारी आपला उत्तम मोहरा राखून ठेवू लागला, तर दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कराराचा तो भंग होईल. म्हणून मी दोन्ही संघांकडे एवढेच मागतो की, पुढे काय वाढून ठेवले असेल ते असो, या सामन्यात काहीही हातचे राखू नये.