‘पाटील’ शब्दाची कुळकथा

इंदापूर तालुक्यांतील डाळज येथें काय, किंवा भीमाकांठच्या दुसऱ्या कोणत्याहि खेड्यांत काय, ‘पाटील’ म्हणजे कोण हें कोणी विचारीत नाहीं. परंतु या शब्दाच्या मुळाशीं गांवहि नाहीं आणि प्रमुखहि नाहीं. मग तो गांवच्या प्रमुखाला लागला कसा?

वेदकाळीं गांवाचा पुढारी ‘ग्रामणी’, म्हणजे गांवाला नेणारा, होता. हालाच्या ‘गाथासप्तशती’मध्यें तोच ‘गामणी’ म्हणून भेटतो. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत ज्यांना राजाज्ञा कळविली जाई, त्यांत ‘ग्रामकूट’ येतो; कूट म्हणजे शिखर. पुढें माळव्याच्या परमार भोजानें इ. स. १०२० मध्यें दिलेल्या दानपत्रांत ‘पट्टकिल’ हा शब्द आढळतो, आणि येथें दृष्टीच पालटते. ‘पट्ट’ म्हणजे ज्यावर राजाज्ञा किंवा जमिनीचा हक्क लिहीत तो पत्रा वा वस्त्र. तो लेख ज्याच्याकडे, तो पट्टकिल. दोन स्वरांमधला ककार गळाला, जसें ‘कोकिल’चें प्राकृतांत ‘कोइल’ झालें. द्वित्त सुटून मागचा स्वर दीर्घ झाला, जसा ‘हत्थ’चा ‘हात’ झाला. अशा रीतीनें ‘पाटील’ सिद्ध झाला.

नेतृत्वावरून व थोरवीवरून पडलेलीं नांवें मागें पडलीं. लेखावरून पडलेलें टिकलें. सुलतानी अमदानींत कागदोपत्रीं ‘मोकदम’, म्हणजे पुढें केलेला, हा अरबी शब्द आला. पण लोकांच्या तोंडीं पाटीलच राहिला.

नवल असें कीं, मराठेशाहीच्या कागदांवर पाटलाची निशाणी नांगराची असे. लेखणी कुळकर्ण्याच्या हातीं गेली होती. नांवांत पट्ट आणि सहींत नांगर! तरीहि या नांवाचा मान ओसरला नाहीं. हिंगणी बेरडी व देऊळगांव या भीमाखोऱ्यांतील गांवांची पाटीलकी भोसल्यांच्या घराण्यांत होती. १७८४ मध्यें दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुत्लक हें पद महादजी शिंदे यांस मिळालें, तरी ते स्वतःस पाटीलच म्हणवीत.

महाराष्ट्रांत मुलकी पाटलाचें वंशपरंपरेचें पद १९६२ च्या कायद्यानें संपलें. गांवचें जमीनदप्तर तलाठ्याकडे गेलें, आणि १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यान्वयें पोलीस पाटील नेमला जातो. तें पद वारशानें येत नाहीं. ज्या लेखावरून हें नांव पडलें, तो पाटलाच्या हातून केव्हांच गेला. तरीहि असंख्य घरांच्या दारांवर आडनांव म्हणून तो जुना पट्ट लागलेलाच आहे.