गुनाह, जुर्म आणि माफीचा हक्क

वर्गात मराठी शिकवताना आम्हांला एक शब्द दरवर्षी अडवतो. मराठीत कायदा मोडणे म्हणजे ‘गुन्हा’. उर्दूत ‘गुनाह’ म्हणजे अल्लाहची नाफरमानी. कायद्याचा भंग तो ‘जुर्म’. एकदा एका मुलाने विचारले, “सर, गुन्हेगाराने तौबा केली तर पोलीस सोडतात का?” वर्ग हसला. पण प्रश्न खरा होता : माफी देण्याचा हक्क कोणाचा?

खुनापुरते हनफी फिकहचे उत्तर होते, मयताच्या वारसांचा. किसास मागावा, दियत घ्यावी की माफ करावे, हे त्यांनी ठरवायचे. 1772 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालच्या फौजदारी अदालतींत हाच कायदा कायम ठेवला, काझी-मुफ्तीही राहिले. 1790 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने ठरवले की, खुनाचे हत्यार न पाहता हेतू पाहावा. त्यासाठी त्याने इमाम अबू हनीफांचे मत सोडून त्यांच्याच शागीर्दांचे, अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांचे मत उचलले. इथवर तो फिकहच्या चौकटीतच होता. पण त्याच वेळी वारसांचा माफीचा हक्कही त्याने काढून घेतला. पुढच्या वर्षी अवयव तोडण्याऐवजी कैद आली : एका अवयवाला सात वर्षे, दोहोंना चौदा. काय हा हिशेब!

आपल्या मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या 1827 च्या कायद्यांनी नवी फौजदारी आणली. मग 1860 ची दंडसंहिता आली. तिच्या उर्दू तर्जुम्यात डेप्युटी नझीर अहमद यांचा हात होता. नाव पडले ‘ताजीरात-ए-हिंद’. ताजीर म्हणजे हाकिमाच्या अखत्यारातील शिक्षा. किसास गेला, ताजीर उरली. शब्द अगदी नेमका बसला.

कॉर्नवॉलिसला आम्ही सरसकट दोष देत नाही. पैसेवाला खुनी गरीब वारसाकडून माफी वदवून घेईल, ही भीती खोटी नव्हती. पाकिस्तानात 1990 मध्ये किसास-दियतचा कायदा आला, आणि बहिणीला मारणाऱ्या भावाला बापच माफ करू लागला. अखेर 2016 मध्ये तिथल्या संसदेने इज्जतीच्या नावावर केलेल्या खुनाला, वारसांनी माफ केले तरी, जन्मठेप ठरवली.

पण दियत विधवेच्या हाती पडत असे. आपल्याकडे राज्यांनी पीडितांसाठी भरपाईची योजना करावी, हे कलम लागू व्हायला 2009 साल संपत आले. 1 जुलै 2024 पासून खुनाच्या 302 चे 103 झाले. खटला मात्र आजही सरकारच्या नावाने चालतो, आणि मयताची बायको साक्षीदार म्हणून पुकारा होण्याची वाट पाहत कोर्टाच्या व्हरांड्यात बसते.